हाकेची फेरी

रविवार, २६ ऑगस्ट १९६२

रोजनिशी लिहायची कल्पना माझी नाही, लिआची. घरभर येरझारा घालत मी सारखा बोलत असतो, ते तिला असह्य झालंय. काल म्हणाली, "अहो, हे सगळं एका वहीत लिहा ना. तेवढाच माझ्या कानांना विसावा." बायकोने नवऱ्याला असं बोलावं का, हा प्रश्न वेगळा. सूचना मला पटली.

मला स्वस्थ बसवत नाही, हे खरं आहे. परळच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं टाइमकीपर होतो. भोंगा व्हायच्या आधी दारावर उभं राहायचं; कोण वेळेवर आला, कोण उशिरा आला, कोण दुसऱ्याच्या नावाने आत घुसला, सगळ्यावर नजर. इथे इस्रायलला आल्यापासून डिमोन्यात कापडाच्या कारखान्यात गोदामाचा कारकून आहे. माणसांऐवजी सुताची रिळं मोजतो, आणि रिळं कधी उशिरा येत नाहीत. ज्यांना वेळ पाळायला लावता येईल अशी माणसं माझ्यासारख्याला लागतात.

तसं काम आता आयतं चालून आलंय. पुढच्या आठवड्यात एलुल महिन्याच्या सेलिहोत सुरू होतील. नव्या वर्षाच्या आधी महिनाभर, पहाटे उजाडायच्या आत, देवाजवळ क्षमा मागायची ती ही प्रार्थना. तिला मिन्यान हवं, म्हणजे निदान दहा पुरुष. आम्हां इथल्या बेने इस्रायलांना यंदाच स्वतःची जागा मिळाली आहे. शिकूनच्या, म्हणजे आमच्या सरकारी चाळींच्या, मागची लाकडी बराक. छपराला भोकं आहेत, पण आपली आहे. तिथे आपल्या चालीवर म्हणता येतं, मागे वळून कुणी हसत नाही. फक्त गावच्या धार्मिक मंडळाने अट घातली आहे. रोज दहा पुरुष जमले तर बराक आमची. नाही जमले तर तिथे बालवाडी निघेल आणि आम्ही मोठ्या सिनेगॉगमध्ये मागच्या बाकांवर बसायचं.

सॅमसन पेणकर आमचा हझान, पुढे उभा राहून तेफिला, म्हणजे प्रार्थना, म्हणणारा. गळा चांगला आहे त्याचा, पण लोकांना अंथरुणातून ओढून काढणं हे गळ्याचं काम नव्हे. ते मी घेतलं. ठाण्याला माझे वडील एलुलमध्ये दारोदार काठी आपटत जायचे आणि प्रत्येक पुरुषाला बापाच्या नावासकट हाक मारायचे. तसंच इथे करणार.

सोमवार, ३ सप्टेंबर १९६२

कालपासून फेरी सुरू झाली. लिआच्या पोटात घड्याळ आहे. तीनला तिने मला हलवून उठवलं, स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. स्वयंपाकघरात दोन स्टुलांवर बसून आम्ही चहा प्यायलो. त्या वेळी ती फार बोलते. दिवसा मी बोलतो, म्हणून तिने ही वेळ धरली असावी. एलियाहूकाकांचा दमा वाढलाय, त्यांच्या दारावर जोरात आपटू नका. रूतचं तान्हं रात्रभर रडत होतं, तिथे नुसती टिचकी वाजवा. सगळ्या शिकूनची खबर तिच्याकडे असते. मी म्हटलं, मग तूच का नाही जात फेरीला? हसली.

बाहेर गार वारा, अंगावर शाल घ्यावी लागते. दुपारी इथे भट्टी असते हे त्या वेळी खरं वाटत नाही. मी जिने चढलो, उतरलो, हाका मारल्या. दुसऱ्या चाळीतल्या रोमानियन गृहस्थाने खिडकीतून तांब्याभर पाणी फेकलं. नेम वाईट आहे त्याचा. सॅमसनचा मुलगा योराम आतून हिब्रूत ओरडला, "रेगा, रेगा!" म्हणजे थांबा, थांबा. ही पोरं झोपेतसुद्धा हिब्रूत बोलतात.

तळमजल्यावर पनिनाबाई एकट्या राहतात. नवरा मुंबईतच वारला, मुलगा सैन्यात. त्यांच्याकडे सेलिहोतला येणारा पुरुष नाही म्हणून मी पुढे चाललो होतो, तर खिडकी उघडून म्हणाल्या, "हाइमभाऊ, मलाही हाक मारत जा." बायकांना यायची सक्ती नाही, हे मी त्यांना नीट समजावलं. म्हणाल्या, मला यायचं नाहीच, नुसती हाक मारा. बायकांचं काही कळत नाही. मारली हाक.

बराक भरली होती. सॅमसनने सूर लावला तेव्हा मला ठाण्याची आठवण येऊन भरून आलं. मी खोकल्याचं निमित्त केलं.

शुक्रवार, १४ सप्टेंबर १९६२

आज अब्रू जायची वेळ आली होती. लिआ तापाने फणफणली, तिला जाग आली नाही आणि मलाही नाही. कुत्री भुंकली म्हणून दचकून उठलो तर आकाश फिकट व्हायला लागलेलं. चहा नाही, शाल नाही, तसाच धावलो. दहावा माणूस आत शिरला तो हातात बूट घेऊन.

एका बाईच्या तब्येतीवर सगळ्या जमातीची प्रार्थना टांगून ठेवणं बरोबर नाही. टाइमकीपर म्हणवणाऱ्याने तरी हे आधीच ओळखायला हवं होतं.

मंगळवार, १८ सप्टेंबर १९६२

आमची मुलगी बत्या किर्यात मलाखीहून आईला बघायला आली. येताना गजराचं घड्याळ घेऊन आली. हिरवं, डोक्यावर दोन घंटा, अंधारात काटे चमकतात. गजर असा खणखणीत की आज पहाटे मी उडी मारून उठलो आणि क्षणभर गिरणीतच आहे असं वाटलं.

लिआचा ताप उतरलाय. गजराबरोबर तीही उठून बसली. मी म्हटलं, आता तुला उठायचं कारण नाही, तू नीज. म्हणाली, मला जाग येतेच. मी म्हटलं, येऊ दे, पण उठू नकोस. तीस वर्षं माझ्यासाठी उठलीस, आता माझं घड्याळ उठेल. ती "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली. नवऱ्याने बायकोला इतकी सवलत दिलेली आमच्या पिढीत विरळाच.

चहाचीही सोय केली आहे. रात्री तिने थर्मासमध्ये भरून ठेवायचा. पहाटे कपभर ओतून उभ्याउभ्या प्यायचा. स्टोव्हचा फर्र आवाज नाही, बोलणं नाही. कितीतरी वेळ वाचतो.

शुक्रवार, २८ सप्टेंबर १९६२

आज संध्याकाळपासून रोश हशाना, आमचं नवं वर्ष. एलुल निर्विघ्न पार पडला. एकही पहाट चुकली नाही. मंडळाने कळवलंय, बराक आणखी एक वर्ष आमच्याकडे. सॅमसनने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी घड्याळाचं नाव घेतलं.

एलियाहूकाकांच्या दारावर परवा मी नेहमीसारखी काठी आपटली. त्यांना धाप लागली होती. लिआने सांगितलेलं होतं ते मधल्या काळात विसरलो. तिनेही पुन्हा आठवण केली नाही.

गुरुवार, २२ ऑगस्ट १९६३

वर्षभर वही उघडली नाही. कारखाना, घर, कारखाना. घरात गॅस आला, फ्रिज आला. मी एक ट्रान्झिस्टर घेतला. संध्याकाळी जेवताना इंग्रजी बातम्या ऐकतो. लिआला इंग्रजी कळत नाही, पण ती मध्ये बोलत नाही, शांतपणे जेवते.

आजपासून सेलिहोत. काठी घेऊन सॅमसनच्या दारात गेलो, तर तो कपडे करून बाहेरच उभा. माझ्यासारखंच घड्याळ घेतलंय त्यानेही. फार नम्रपणे म्हणाला, हाइमभाऊ, आमच्यासाठी जिना चढायची तसदी कशाला घेता? पुढच्या दोन घरांतही तेच. योराम तर दारातून मनगट नाचवत म्हणाला, "येश ली शाऊन." माझ्याकडे घड्याळ आहे. तो हल्ली मराठीला मराठीत उत्तरच देत नाही.

खरं लिहायचं तर मला जरा लागलं. फेरी करून घरी आलो आणि उगाच काठी पुसत बसलो. मग विचार केला की वाईट काय वाटून घ्यायचं? गिरणीत मी भोंग्याच्या बाजूचा माणूस. लोक स्वतःहून वेळेवर उठू लागले तर टाइमकीपरने टाळ्या वाजवायला हव्यात.

रविवार, २५ ऑगस्ट १९६३

काल तेफिलेनंतर मी उभा राहून छोटं भाषण केलं. म्हटलं, प्रत्येकाने आपापलं घड्याळ घ्यावं, एका माणसाच्या गुडघ्यांवर सगळ्यांनी अवलंबून राहू नये. सॅमसनचा मेहुणा बेर-शेव्यात घड्याळांच्या दुकानात आहे, तो स्वस्तात देईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. एलियाहूकाका एवढंच म्हणाले, मला किल्ली फिरवता येत नाही रे, बोटं वळत नाहीत. त्यांना योराम रोज संध्याकाळी किल्ली देऊन जाईल असं ठरलं.

घरी लिआला सांगितलं. तिने विचारलं, "आणि पनिनाला?" पनिनाबाईंना कशाला घड्याळ? त्यांना कुठे जायचंय? ती ताटं उचलू लागली.

रविवार, १ सप्टेंबर १९६३

फेरी बंद. मी गजर वाजला की उठतो, चहा ओततो, सरळ बराकीत जाऊन दिवा लावतो. माणसं एकेक करून येतात, कुणी कुणाशी बोलत नाही, अजून झोपेतच असतात. पूर्वी जिन्यात जमून सगळे एकत्र खाली उतरायचे, त्या गडबडीत कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर जायची. तो सगळा गोंधळ थांबला. रोमानियन गृहस्थही खूष असेल.

आज बाराच होते. दोघांनी गजर ऐकलाच नाही म्हणे.

माझी झोप मात्र बिघडली आहे. गजर वाजेल, वाजेल असं वाटून मी त्याच्या आधीच दोनतीनदा जागा होतो. घड्याळ कानाला लावून बघतो. मग पुन्हा पडतो. लिआ पाठ करून झोपलेली असते, तिला हे काही माहीत नसतं. हेवा वाटतो मला तिच्या झोपेचा.

मंगळवार, १० सप्टेंबर १९६३

एलियाहूकाकांना बेर-शेव्याच्या इस्पितळात नेलं. न्यूमोनिया. ते बरेच दिवस बराकीत दिसले नव्हते. मला वाटलं, घड्याळाला किल्ली नसेल. सॅमसनला वाटलं, दम्यामुळे विश्रांती घेत असतील. योराम किल्ली द्यायचं विसरला होता आणि लाजून कुणाला बोलला नाही. शेवटी कचरा नेणाऱ्या माणसाने खिडकीतून पाहिलं. वाचले, देवाची कृपा. मी योरामला चांगलाच झापला. एक साधी किल्ली फिरवायची, तेवढं जमू नये?

लिआ रडली. म्हणाली, गेल्या वर्षी असं झालं नसतं. मी म्हटलं, गेल्या वर्षी न्यूमोनिया नव्हता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रान्झिस्टर लावला.

सोमवार, १३ जानेवारी १९६४

लिआ महिनाभर बत्याकडे किर्यात मलाखीला राहून आली. चार दिवसांसाठी म्हणून गेली होती. मी विचारलं, तिथे एवढं काय आहे? म्हणाली, नातवंडं बोलतात. ती पोरं हिब्रूत बोलतात, हिला निम्मं कळत नाही. म्हणाली, "माझ्याशी बोलतात, एवढं कळतं."

हल्ली ती घरात फार बोलत नाही. मी तिला कुपत होलीमच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरने रक्तदाब मोजला आणि म्हणाला, ठीक आहे, वय झालं. झोपेच्या गोळ्या मला दिल्या.

रविवार, ९ ऑगस्ट १९६४

जीव टांगणीला लागलाय. मंडळाने कळवलं आहे की बालवाडीला जागा अपुरी पडते. या एलुलमध्ये त्यांचा माणूस न कळवता एखाद्या पहाटे येईल. आमचे दहा पुरुष हजर दिसले तर बराक कायमची आमच्या नावावर. एक जरी कमी दिसला तर सणांनंतर बालवाडी.

आणि हे नेमकं आत्ता. आमच्या लोकांची लग्नं लावताना आधी वंशावळ तपासायची असं इथले मुख्य रब्बी म्हणतात, त्या विरोधात जेरुसलेमला धरणं चालू आहे आणि आमचे निम्मे पुरुष तिथे जाऊन बसलेत. बरोबरच आहे त्यांचं, पाय धड असते तर मीही गेलो असतो. पण मागे उरलो आम्ही मोजून दहा. त्यांत एलियाहूकाका छातीला फडकं बांधून येणार.

सॅमसन संध्याकाळी घरी आला होता. म्हणाला, हाइमभाऊ, यंदापुरती फेरी पुन्हा सुरू करा की, मी येतो बरोबर. मला ते कमीपणाचं वाटलं. लोकांना घड्याळं घ्यायला मीच लावली आणि आता मीच काठी घेऊन हिंडू? मी म्हटलं, माणूस चुकतो सॅमसन, घड्याळ चुकत नाही. फक्त सगळ्यांनी झोपण्याआधी किल्ली दिली आहे ना, ते बघ.

लिआ आत भांडी घासत होती. ती थांबलेली मला ऐकू आली. मग पुन्हा घासू लागली.

बुधवार, १२ ऑगस्ट १९६४

सोमवार, मंगळवार आणि आज, तिन्ही दिवस दहाच्या दहा. मंडळाचा माणूस आलेला नाही. हमसिनचा गरम वारा सुटलाय, रात्री खिडकी उघडी ठेवली तर धूळ आणि बंद ठेवली तर गुदमरायला होतं. मला झोप नाही. अंथरुणावर उठतो, बसतो, गॅलरीत जातो, परत येतो. गजर लागलाय की नाही ते चारदा पाहतो. आज दोन गोळ्या घेणार आहे. उद्या ताजातवाना असलं पाहिजे.

गुरुवार, १३ ऑगस्ट १९६४

लिहायलाही हात होत नाही.

जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं. खाली पाळीची बस भोंगा देत होती. मी पायजम्यावर सदरा चढवून धावलो. बराकीला कुलूप.

सॅमसन बसच्या थांब्यावर भेटला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही आधी. मग सांगितलं. नऊ जण बसून होते. मंडळाचा माणूस आजच आला, मेइर नावाचा, सभ्य गृहस्थ. तो मागच्या बाकावर बसला. नऊ जण दाराकडे बघत होते. शेवटी उजाडायला लागलं तेव्हा तोच म्हणाला, मी धरून दहा होतात, सुरू करा. त्याने आमच्याबरोबर सगळी प्रार्थना म्हटली. संपल्यावर प्रत्येकाशी हात मिळवला, आणि त्यांचे पुरुष नऊ, असं नोंदवून निघून गेला.

मी विचारलं, "सॅमसन, माझं घर शेजारच्या जिन्यात आहे. कुणी हाक मारायला का आलं नाही?"

"निघालो होतो मी," तो म्हणाला. "एलियाहूकाकांनी थांबवलं. म्हणाले, तो टाइमकीपर माणूस, त्याला उठवायला गेलात तर अपमान होईल त्याचा. आणि आम्हांला वाटलं, तुमचं घड्याळ आहे. याल."

बस आली. तो चढला, मी चढलो. कारखान्यापर्यंत आम्ही एका बाकावर बसून गेलो.

संध्याकाळी घरी आल्यावर मी घड्याळ हातात घेतलं. किल्ली पुरी होती, गजराचा काटा जागेवर होता, फक्त मागची कळ दाबलेली. लिआला म्हटलं, हे वाजलंच नाही वाटतं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "वाजलं. तुम्ही हात मारून बंद केलंत आणि परत झोपलात."

"तुला कसं माहीत?"

"मी जागी होते."

मी घड्याळ ओट्यावर आपटलं. ओरडलो असेन. जागी होतीस तर उठवलं का नाहीस, आज काय दिवस होता ते ठाऊक नव्हतं का तुला? तिने विळी आडवी केली, हात पुसले.

"ठाऊक होतं. दोनदा हात पुढे केला मी. पण तुम्हीच सांगितलं होतंत ना, उठू नकोस, आता माझं घड्याळ उठेल. मला वाटलं, पुन्हा तेच म्हणाल." मग म्हणाली, "मी रोजच जागी असते. तीनला. तुम्ही जाईपर्यंत डोळे मिटून पडते."

रोज. म्हणजे दोन वर्षं. मी पहाटे उठून घड्याळ कानाला लावत होतो, तेव्हाही ही जागी होती. बाजूला हातभर अंतरावर. मला तिचा राग आला होता, तो आता कुठे ठेवावा ते समजत नाही. गॅलरीत जाऊन आलो, तरी समजत नाही.

शुक्रवार, १४ ऑगस्ट १९६४

मंडळाचा निरोप आला. सणांनंतर बराक रिकामी करून द्यायची. भाषा अतिशय सौजन्याची आहे. मोठ्या सिनेगॉगमध्ये आमचं मनापासून स्वागत आहे असं म्हटलंय. तोपर्यंत सेलिहोत आम्ही आमच्याच जागेत म्हणू शकतो.

मी आज पहाटे वेळेवर गेलो होतो. सगळे माझ्याशी नेहमीपेक्षा चांगलं वागले. ते फार कठीण गेलं. एलियाहूकाकांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, मीच थांबवलं रे पोरा, माझं चुकलं. अठ्ठावन्न, नव्हे आता साठीच्या माणसाला पोरा म्हणणारं दुसरं कोण उरलंय?

शब्बाथ येतोय, लेखणी ठेवतो. उद्या लिहायचं नाही, आणि वहीशिवाय हे सगळं बोलायचं कुणाशी, असा विचार मनात येऊन मी दचकलो.

रविवार, १६ ऑगस्ट १९६४

हे सकाळी लिहितो आहे, कारखान्याला आज उशिरा गेलं तरी चालेल.

गोळी घेतली नव्हती. गजराच्या बऱ्याच आधी जागा झालो. लिआ पाठ करून पडली होती. मी विचारलं, "जागी आहेस?"

अंथरुणातच ती जरा हलली. मग म्हणाली, "हो."

मी म्हटलं, मीही. आता पुढे काय बोलायचं ते मला येईना. दिवसभर बडबड करणारा माणूस मी. मी विचारलं, मी गेल्यावर तू काय करतेस? नुसती पडून राहतेस?

"पनिनाकडे जाते," ती म्हणाली. मी उठून बसलो. ती तशीच भिंतीकडे तोंड करून सांगत राहिली. तुम्ही फेरी बंद केलीत तेव्हापासून. तिलाही त्या वेळी जाग येते आणि मग झोप लागत नाही. एकदा मी गॅलरीत उभी होते, ती खाली खिडकीत उभी होती. मी खाली गेले. तेव्हापासून तुम्ही बराकीकडे वळलात की मी जिना उतरते. चहा करतो, बसतो. तुम्ही परत यायच्या आत मी वर येते. एलुल संपला की मला तुमच्या पाळीच्या बसची वाट बघावी लागते.

दोन जिने खाली. आणि मला वाटत होतं की शिकूनमध्ये काय चाललंय ते मला माहीत आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, कधी सांगणार होते? तुम्ही बातम्या ऐकता, मग वहीत लिहिता. वही घ्यायला मीच सांगितलं, माझीच चूक.

तेवढ्यात गजर झाला. दोघंही दचकलो. मी हात लांबवून बंद केला. ती म्हणाली, "जा. नऊ जण थांबले असतील."

मी पाय खाली सोडले. चपला पायात सरकवल्या. खरं सांगतो, मी जाणारच होतो. पण तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की उठवेना. मी म्हटलं, "तू सांग. काय सांगत होतीस?"

"काही नाही. नंतर."

"आत्ता सांग."

ती माझ्याकडे वळली. खिडकीतून थोडा उजेड यायला लागला होता. म्हणाली, पनिनाचा मुलगा सैन्यातून सुटला, त्याला अरादला काम लागलंय, नवीन घर मिळतंय. सण झाले की तो तिला घेऊन जाणार. ती नाही म्हणू शकत नाही, एकुलता एक आहे. गेले आठ दिवस ती सामान बांधते आहे आणि मी तिला बांधू लागते आहे. बत्या म्हणते, तू माझ्याकडे ये राहायला, बाबांना यायचं तर येतील. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. "पण अहो, पनिना गेली की मग मी इथे..."

जिन्यात पावलं वाजली. दारावर थाप पडली, हलकी, मग जरा जोराची. सॅमसन होता. दाराला तोंड लावून त्याने माझ्या बापाच्या नावासकट मला हाक मारली, आणि थांबला, आणि पुन्हा मारली.

मी ओ दिली नाही. लिआचं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं.